जामिनावर सुटलेला गहू

माझ्या घरच्या गव्हाला जामीन मिळाला, त्या दिवशी मी कोर्टाबाहेर पेढे वाटले. फाटकाशी उभ्या असलेल्या एका ओळखीच्या माणसाने पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय झालं, पोरगा का पोरगी?" मी म्हणालो, "गहू सुटला." त्याने दुसरा पेढा घेतला नाही. पुढे बरेच दिवस मला बाजारात पाहिलं की तो रस्ता बदलत असे.

आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबांची धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोनदा भांडणं झाली, पण ती काठ्यांवर मिटली. वडिलांचं एकदा बैलावरून झालं, तेही चहावर मिटलं. घराण्यातले पहिले आरोपी म्हणजे गव्हाचे चोवीस कट्टे, आणि त्यांना तिथपर्यंत पोहोचवणारा मी.

आमचं गाव आर्णीपासून जवळच. कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीलगतच्या तुकड्यात घरापुरता गहू. हा गहू निघाला की बहिणीकडे वर्षाचा गहू पोचता करायचा, ही वडिलांपासूनची रीत. बहीण मंगला नेरला असते. तिथे पिठाच्या गिरण्या आहेत, दुकानं आहेत, नवरा चांगला कमावतो. पण माहेरचा गहू आल्याशिवाय ती कोठी भरत नाही. चैत्र लागला की कोठी धुऊन, उन्हात उलटी घालून ती फोन करते, "दादा, कोठी वाळली." एवढंच. बाकीचं मी समजायचं असतं.

मी हिशेबी माणूस आहे. (शोभा, म्हणजे माझी बायको, यासाठी दुसरा शब्द वापरते.) त्या वर्षी गहू भरायला पोती हवी होती, आणि नवा बारदाना महाग झाला होता. गावातल्या रेशन दुकानातून रिकामी सरकारी पोती निम्म्या भावात मिळत होती. मजबूत ताग, दुहेरी शिवण, आणि पाठीवर निळ्या शाईत सरकारचा ठसठशीत शिक्का.

"अहो, याच्यावर सरकारचा शिक्का हाय," शोभा म्हणाली.

"शिक्का सरकारचा, गहू आपला. गहू काय शिक्का वाचते?"

गहू वाचत नाही, हे खरंच होतं. वाचणारे दुसरे होते.

दुसरा शहाणपणा असा की, यवतमाळला मशीनवर गहू साफ करून मिळतो, मग बहिणीचा न्यायचाच आहे तर आपलाही त्याच टेम्पोत टाकावा. साफ करून तिचा नेरला उतरवायचा, आपला परत आणायचा. एकाच भाड्यात दोन कामं! घरात शेतातल्या गव्हाचा दाणा उरला नाही. उरला तो आमच्या कार्डावर मिळालेला रेशनचा गहू, वर्षभर थोडा थोडा साठवलेला. पत्र्याचा एक ड्रम भरून होता.

वाटेत एका फाट्यावर नाकाबंदी होती. हवालदारसाहेब टेम्पोभोवती एक फेरी मारून आले आणि पोत्यावरचं सगळं मोठ्याने वाचलं. सरकारचं नाव, साल, गोदामाचा नंबर.

"यात तुमचं नाव कुठे आहे?"

"साहेब, गहू माह्या वावरातला हाय. पोतं फक्त सरकारचं हाय."

"पावती?"

"घरच्या गव्हाची पावती कोन देईन साहेब? बैल देते का?"

हे वाक्य बोलायला नको होतं, असं वकीलसाहेबांनी मला नंतर तीन वेळा सांगितलं. रेशनचा गहू काळ्या बाजारात नेत असल्याचा संशय, असा कागद झाला. प्रत्येक कट्ट्याला लाखेचं सील आणि पंचांच्या सहीची चिठ्ठी लागली, नमुना म्हणून एक पिशवी वेगळी बांधली गेली आणि माझा गहू गोदामात जाऊन बसला. मी मोकळा घरी आलो. गावात पहिला प्रश्न आला, "तुमी कसे काय सुटले?"

मंगलाचा फोन आलाच. "दादा, कोठी वाळली."

"राहू दे अजून थोडी उन्हात."

"किती दिवस?"

"साहेब सुट्टीवर हायत, आले का पाहू."

"गव्हाले साहेब कायले लागते?"

मी फोन ठेवला आणि ओसरीवर इकडून तिकडे फिरत राहिलो. त्या उन्हाळ्यात मी जितका चाललो तितका शेतातही कधी चाललो नसेन.

तीन आठवड्यांनी कोर्टाचा हुकूम झाला. धान्य नाशवंत आहे, गोदामात पडून खराब होईल, सबब खटला चालेपर्यंत अर्जदाराच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर द्यावं. वकीलसाहेबांनी पानाचा तोबरा एका गालात सारून अटी समजावल्या.

"विकायचा नाही. वापरायचा नाही. सील तोडायचं नाही. कोर्ट मागेल तेव्हा जसाच्या तसा हजर करायचा. आणि एक जामीनदार पाहिजे, नावावर शेत असलेला. गव्हात गडबड झाली तर त्याच्या शेतावर येईल."

"म्हंजे गहू माह्या घरात, पन मले खाता येनार नाही?"

"बघता येईल," वकीलसाहेब म्हणाले.

जामीनदार शोधायला मी निघालो तेव्हा कळलं, आपल्या तालुक्यात किती माणसांच्या नावावर काहीच नाही. ज्यांच्या बांधावर बसून मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो, त्यांची शेतं एकाएकी भावाच्या, आत्याच्या आणि नातवाच्या नावावर निघाली. चौथ्या दिवशी शोभाने मला न सांगता ढाणकीला फोन केला. पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने तिचे वडील उतरले.

मामाजी म्हणजे कमी बोलणारा माणूस. पंचाहत्तरी ओलांडलेली, धोतर पांढरंशुभ्र. अर्धं आयुष्य ढाणकीच्या बाजारात मापारी म्हणून गेलं, म्हणजे व्यापाऱ्यांचं धान्य मापायचं आणि पारखायचं काम. गव्हाचा एक दाणा दाताखाली धरून तो कुठल्या मातीतला ते सांगायचे. त्या कमाईतून त्यांनी तीन एकर हळदीचं वावर केलं होतं. लेकीच्या लग्नातही त्या वावराला त्यांनी हात लावला नव्हता. त्याचा सातबारा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कोर्टाच्या टेबलावर ठेवला आणि हळूहळू सही केली. सही करताना त्यांची जीभ ओठावर आली होती, ती मी पाहिली.

बाहेर आल्यावर त्यांनी वकीलसाहेबांना एकच प्रश्न विचारला. "गहू कमी भरला तं वावर जाते?"

"जाऊ शकतं, काका."

मामाजी मान हलवून बसस्टँडकडे निघाले. मी त्यांना ढाणकीच्या गाडीत बसवायला गेलो, तर ते आमच्या गावच्या गाडीत चढले.

"मामाजी, ही आमची गाडी हाय."

"मालूम हाय जवाईबापू. माह्य सामान उद्या येते."

दुसऱ्या दिवशी खरोखर सामान आलं. एक वळकटी, एक तांब्या आणि त्यांची जुनी परखी. परखी म्हणजे पुढे टोक असलेली लोखंडी पन्हाळी. पोत्यात खुपसली की पोतं न उघडता आतलं धान्य तिच्यातून घरंगळत हातात येतं. मामाजींनी मधल्या खोलीच्या दाराला आडवी खाट टाकली आणि चोवीस कट्ट्यांसमोर मुक्काम केला. सकाळ-संध्याकाळ काठीचं टोक एकेका सीलला लावून ते मोजायचे. चोवीस झाले की "हाय" म्हणायचे आणि बिडी पेटवायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी कीड लागली का पाहायला परखी एका कट्ट्यात घातली. मी खोलीभर नाचलो.

"मामाजी, हात नका लावू, मुद्देमाल हाय थो!"

लगेच वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, टोचू नका, हलवू नका, ऊन दाखवू नका. मामाजींनी परखी पुसून शोभाकडे दिली. तिने ती स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली, आणि माझ्या दृष्टीने तो विषय संपला.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवताना अर्ध्या भाकरीवर उठायचो आणि मधल्या खोलीत डोकावून यायचो. शेतात गेलो की वाटायचं, घरी गव्हाला सोंडे, म्हणजे किडे, लागले असतील. घरी आलो की वाटायचं, उंदीर दबा धरून असतील आणि मी आल्यामुळे थांबले असतील. एकदा खरंच उंदीर दिसला, तेव्हा मी पुन्हा वकीलसाहेबांना फोन लावला.

"साहेब, उंदीर आला. काय करू?"

"नोटीस द्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी शेजाऱ्याची मांजर मागून आणली. मांजर मामाजींच्या खाटेवर झोपू लागली आणि मामाजी तिला दूध पाजू लागले. आता जामीनदारही दोन झाले आणि उंदीरही तसाच राहिला. गावातली माणसं येता-जाता 'जामिनावर सुटलेला गहू' पाहायला यायची. कोणी म्हणायचं, "चेहऱ्यावरून तं गरीब दिसते." मंगला तर दर दोन दिवसांनी फोन करी, तिच्या सासूने आता कोठीत गोधड्या ठेवायला काढल्या होत्या, आणि माहेरच्या गव्हाच्या जागी गोधड्या हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

या सगळ्यात मामाजींच्या जेवणाचं एक झालं. पहिल्या दिवशी शोभाने ड्रममधल्या रेशनच्या गव्हाची पोळी वाढली. आम्ही खात होतोच, आम्हाला काही वाटत नव्हतं. मामाजींनी एक घास घेतला, सावकाश चावला, पाणी प्यायले आणि उरलेली पोळी घडी करून ताटाच्या कडेला ठेवली.

"काहून, बाबा?"

"भूक नाही, बाई."

तीन दिवस त्यांना भूक नव्हती. नुसता वरणभात, तोही चिमणीएवढा. चौथ्या दिवशी त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी पाच. मी शोभाला म्हणालो, "तुह्या बाबाले आमच्या गावचं पानी मानवलं." ती तव्याकडे बघत "हो" म्हणाली. पोळी मलाही अलीकडे बरी लागत होती, पण माझ्या डोक्यात त्या वेळी सील, सोंडे आणि उंदीर याशिवाय काही शिरत नव्हतं.

असे दोन महिने गेले. मग कागद आला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता पुरवठा निरीक्षक घरी येऊन मालाची तपासणी करतील, नमुन्याशी ताडून पाहतील आणि कोर्टाला अहवाल देतील.

बुधवारी दुपारी मामाजींचा डोळा लागला तेव्हा मी म्हटलं, कट्ट्यांमागचा कचरा तरी झाडून घ्यावा. मागच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दाराकडे दोन कट्टे होते. त्यातला एक सरकवावा म्हणून हात घातला आणि तो पन्नास किलोचा कट्टा मी एका हाताने उचलला. खरं सांगतो, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. या वयात, इतक्या काळजीतही अंगात एवढी ताकद! मग दुसरा उचलला. तोही आला. मग मी दोन्ही कट्टे फिरवून पाहिले.

सील जसंच्या तसं. शिवण जशीच्या तशी. चिठ्ठीवरच्या पंचांच्या सह्याही जागेवर होत्या. पण मागच्या बाजूला तागावर भोकंच भोकं होती. पोत्याची पार चाळणी झालेली.

"शोभाऽ," मी हळू आवाजात ओरडलो.

ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं, आणि खिळ्यावरच्या परखीकडे पाहिलं.

"कोर्टानं काय सांगतलं होतं?" मी म्हणालो.

"सील तोडू नका. म्या कुठं तोडलं?"

"वापरू बी नका म्हंटलं होतं!"

"मंग काय करू? माह्या बापानं आपल्यासाठी वावर लिहून देलं, अन् थो माह्याच घरात उपाशी बसून राह्यला होता. तीन दिवस म्या पाह्यलं. तुमी सोंडे पाहून राह्यले होते."

तिचं खरं होतं. पण त्या क्षणी मला तिचं म्हणणं दिसत नव्हतं, मला गुरुवार दिसत होता. उद्या गहू कमी भरला की हळदीचं वावर गेलं, आणि हे मामाजींना कोणी सांगायचं? शेजाऱ्याकडून तसलाच गहू मागावा तर संध्याकाळच्या आत गावभर होणार. मग माझी नजर ड्रमवर पडली. तो दोन महिन्यांपासून जवळपास तसाच होता, कारण आम्ही सगळेच दुसरं काहीतरी खात होतो!

"घरातल्या घरात भागते," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळी वाईट कामं याच वाक्याने सुरू झाली आहेत.

पुढचा दीड तास आम्ही नवरा-बायको काय करत होतो हे कोणी पाहिलं असतं, तर आणखी एक पंचनामा झाला असता. मी परखी भोकातून आत घातली, तिच्या तोंडाशी शोभाने तेलाचं नरसाळं धरलं, आणि ओंजळ-ओंजळ करत मी रेशनचा गहू आत सोडू लागलो. मधूनच मामाजी झोपेत "चोवीस" म्हणायचे आणि आम्ही दोघं श्वास धरून थांबायचो. मांजर समोर बसून सगळं बघत होती. कमी पडायला नको, या धास्तीने मी दर वेळी अजून दोन ओंजळी टाकत गेलो. संध्याकाळपर्यंत ते दोन कट्टे असे टम्म झाले की बाकीचे बावीस त्यांच्यापुढे आजारी वाटत होते.

गुरुवारी निरीक्षक मॅडम आल्या. तरुण होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या असाव्यात, बोलणं पुस्तकासारखं साफ. बरोबर एक कारकून, वजनकाटा आणि नमुन्याची सीलबंद पिशवी. एकेक कट्टा काट्यावर चढला. थोडीशी घट प्रत्येकात होती. मॅडम म्हणाल्या, "वाळल्यामुळे एवढं कमी होतंच." मी मान हलवत राहिलो. शेवटी मागचे दोन चढले. कारकुनाने आकडा वाचला. मॅडमनी पंचनामा पाहिला, परत काटा पाहिला.

"हे दोन दोन-दोन किलो जास्त भरतायत."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"गहू जामिनावर सुटल्यापासून वाढला?"

"सुखात होता, मॅडम," मी म्हणालो. (घाबरलो की मी असं काहीतरी बोलतो. बैलाची पावती आठवा.)

"हा कट्टा उघडा," मॅडम म्हणाल्या.

ताडपत्री पसरली, शिवण उसवली, कट्टा ओतला. आधी वरचा गहू पडला, बारीक, मळकट. मग त्याखालून आमच्या विहिरीकाठचा टपोरा सोनेरी गहू आला. ताडपत्रीवर दोन गव्हांचे दोन ढीग स्वच्छ वेगळे दिसत होते. मॅडमनी एका तळहातावर नमुना घेतला, दुसऱ्यावर वरच्या ढिगातला.

"हा तर रेशनचा आहे. म्हणजे पोलिसांचा संशय बरोबर होता."

"नाही मॅडम, हा आमी नंतर टाकला!"

"नंतर? म्हणजे कोर्टाने ताब्यात दिल्यानंतर?"

मी जे जे बोललो त्याने गुन्हा वाढतच गेला. मामाजी खाटेवरून उठून माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. पोत्यांचे निम्मे पैसे वाचवायला गेलो आणि म्हाताऱ्याच्या जन्माच्या कमाईवर पाय दिला, असं वाटलं.

तेवढ्यात शोभा स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका हातात परखी, दुसऱ्या हातात आमचं रेशन कार्ड.

"मॅडम, हे म्या केलं. यायले काही मालूम नव्हतं. हे पाहा, या भोकातून रोज काढला अन् बाबाले पोयी करून घातली. अन् काल यायनं आमच्या कार्डावरचा भरून टाकला. डरम पाहा, रिकामा हाय."

मॅडमनी ड्रममध्ये वाकून पाहिलं. भोकं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मग त्या मामाजींकडे वळल्या. "तुम्ही जामीनदार ना? तुम्हाला हे माहीत होतं?"

मामाजी खाली बसले. वरच्या ढिगातला एक दाणा दाताखाली धरला, थुंकला. खालच्या ढिगातला धरला आणि गिळला.

"लिवा मॅडम," ते म्हणाले. "जामीनदारानं गहू खाल्ला. दोन महिने खाल्ला. लेकीचं नाव नका लिवू."

मॅडमनी कारकुनाकडून कागद मागून घेतला. मग त्यांनी लिहिलं: बावीस कट्टे नमुन्याप्रमाणे, माल शेतकऱ्याच्याच शेतातला दिसतो, दोन कट्ट्यांत अर्जदाराने स्वतःच्या शिधापत्रिकेवरील गहू मिसळलेला आहे, कारण घरगुती. 'कारण घरगुती' हे शब्द लिहिताना त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले होते.

तारखेला न्यायाधीशांनी अहवाल दोनदा वाचला. "वापरायचा नाही अशी अट होती ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात वकीलसाहेबांनी माझ्या पायावर पाय दिला. मामाजी उभे राहिले, हात जोडले. "साहेब, जामीन म्याच होतो अन् खाल्लाबी म्याच. आता वावर घ्या, नाही तं सोडा. पोरीनं बापाले जेवू घातलं, बाकी काही नाही."

मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि कोर्टात घड्याळ नव्हतं. साहेबांनी फाइल जरा उंच धरली, थोडा वेळ चेहरा दिसला नाही. मग त्यांनी मला कडक शब्दांत समज दिली, माल मालकाचाच निघाला म्हणून जामीनदाराला मोकळं केलं आणि बावीस कट्टे कायमचे सोडले. ते दोन मिसळीचे कट्टे मात्र कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत माझ्याच ताब्यात, त्याच अटींवर. ते अजून मधल्या खोलीत आहेत. मांजर त्यांच्यावर झोपते.

मामाजींना ढाणकीच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. सातबारा त्यांच्या पिशवीत होता. गाडी यायला वेळ होता, म्हणून मी विचारलं, "मामाजी, तुमाले कवा समजलं?"

"पहिल्याच घासाले."

"मंग दोन महिने बोलले काहून नाही? वावर गेलं असतं ना."

त्यांनी बिडी विझवली. "लेक समोर बसून पोयी वाढून राह्यली होती, जवाईबापू. तिले काय पंचनामा मागू?" गाडी लागली तसे ते उठले, पायरीवर थांबले आणि म्हणाले, "अन् गहू तुमचा लय चांगला हाय."

मंगलाची कोठी भरली. तिच्या सासूच्या गोधड्या परत माळ्यावर गेल्या. आता यंदाचा गहू निघाला आहे. यंदा सरकारी बारदान्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. गुरांच्या ढेपेच्या दुकानातून धुतलेले रिकामे कट्टे त्याहूनही स्वस्त मिळाले. कालच सगळे भरून, शिवून झाले, तेव्हा शोभाने एक उलटा करून दाखवला. त्यावर लाल अक्षरात छापलं आहे, 'फक्त दुभत्या जनावरांसाठी'. टेम्पो उद्या नेरला निघतो. मी मामाजींना सहज फोन करून कळवलं. ते म्हणाले, "निघा तुमी बिनधास्त. म्या सातबारा काढून ठेवला हाय, वळकटी बी बांधून राह्यलो."